डोके गेले म्हणजे काय गेले?

'दिवाळीचा अंक आहे, काही तरी प्रसन्न लिहा,' असे संपादकांचे पत्र आले, तेव्हा मी होकार कळवून टाकला. आता जे लिहून पाठवतो आहे ते मात्र प्रसन्न नाही. ते भांडण आहे. कोणाशी, हे ओघाने कळेलच. पण वाचकांनी आधीच सावध असावे हे बरे, कारण त्यांच्यापैकी पुष्कळांशी, आणि सर्वांच्या अगोदर माझ्याशीच, ते आहे.

मी पेशाने मराठीचा मास्तर. शरीरशास्त्राशी माझा संबंध इतकाच, की शेजारच्या वर्गात विज्ञानाचे शिक्षक फळ्यावर मेंदूची आकृती काढीत आणि आमच्या वर्गात त्यांचा खडू वाजताना ऐकू येई. मोठा मेंदू, लहान मेंदू, मस्तिष्कपुच्छ ही नावे मुले घोकीत, परीक्षेत लिहीत आणि विसरून जात. मीही विसरलो होतो. मला ती पुन्हा शिकवली ती माझ्या थोरल्या भावाच्या आजाराने, आणि त्या शिकवणीची फी फार जबर पडली.

२०१७ सालच्या आषाढातली गोष्ट. दादा प्राथमिक शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. दिंडीत वीणा गळ्यात घालून चालणारे. सकाळी सहाच्या सुमारास चहाचा कप त्यांच्या उजव्या हातातून गळून पडला. ओठाचा कोपरा खाली ओघळला. वहिनींना ते काही सांगू पाहत होते. तोंडातून फक्त 'त... त...' असा आवाज येत होता. शेजारी जमले. 'वारं गेलं अंगावरून,' एकाने निदान केले. दुसऱ्याने तेल आणले. तिसरा म्हणाला, चाळीस किलोमीटरवर लकव्याचे औषध देणारा एक माणूस आहे, हमखास गुण येतो, कबुतराच्या रक्ताने मालिश करतो. वहिनी माझ्याकडे वळून म्हणाल्या, 'भाऊजी, तुम्ही शिकलेले. तुम्ही सांगाल तसं करू.' आणि मी, दोन पदव्यांचा धनी, जीप बोलावून दादांना त्या माणसाकडे घेऊन गेलो. शहरातल्या इस्पितळात आम्ही पोचलो तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते.

तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मला दोष दिला नाही. त्यांनी फक्त आजार केव्हा सुरू झाला ते विचारले, तास मोजले आणि मान खाली घातली. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल तर ती विरघळवणारे इंजेक्शन असते; मात्र ते पहिल्या साडेचार तासांत द्यावे लागते, आणि तेही मेंदूचा सी.टी. स्कॅन काढून आत रक्तस्राव नाही अशी खात्री झाल्यावर. मोठी रक्तवाहिनी बुजली आणि उपचार झाला नाही, तर सरासरी मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब २००६ साली शास्त्रज्ञांनी मांडलेला आहे. म्हणजे तासाला अकरा कोटींच्या वर. आम्ही अकरा तास घालवले होते. गुणाकार वाचकांनी करावा. मी तो अनेक रात्री केला आहे.

आता माझे पहिले भांडण ऐका. 'वारं गेलं' हा नुसता शब्द नव्हे. तो एक चुकीचा नकाशा आहे. माणूस नकाशा पाहून चालतो. 'अर्धांगवायू' म्हटले की मनात वारा येतो. वाऱ्यावर तेल, शेक आणि मालिश हे उपाय आपोआप सुचतात आणि रोग हातापायात आहे असे वाटते. रोग हातात नव्हताच. उजवा हात धडधाकट होता. त्याला हुकूम देणारा डाव्या गोलार्धातला भाग रक्तावाचून गुदमरत होता. छातीत कळ आली तर आज खेड्यातला माणूसही 'हार्ट' म्हणून दवाखान्याकडे धावतो, कारण तिथला नकाशा आम्ही बदलला. डोक्याचा नकाशा मात्र आजोबांच्या काळचाच ठेवला. तोंड वाकडे झाले, हात उचलेना, बोलणे अडखळले, यांपैकी एक जरी अकस्मात घडले तरी थेट इस्पितळ गाठावे, ही तीन ओळींची गोष्ट आमच्या पंचांगांत, दिनदर्शिकांत, एस.टी.च्या स्थानकांवर घरच्या पत्त्यासारखी पाठ असायला हवी होती. ती नाही. आम्ही दादांच्या अंगाला तेल चोळत होतो आणि मेंदू वर, कवटीत, एकटा मरत होता.

दादा वाचले. उजवा हात निकामी झाला आणि वाणी गेली. पाच-सहा महिन्यांनी निवृत्तिवेतनाच्या कामासाठी मी त्यांना बँकेत घेऊन गेलो. डाव्या हाताची सही जुन्या सहीशी जुळेना. अधिकाऱ्याने नाव विचारले; दादांच्या तोंडून 'त... त...' निघाले. त्याने त्यांच्याकडे पाठ फिरवून मला विचारले, 'यांना काही कळतं का हो? डोकं गेलेलं दिसतंय. खातं असं चालवता यायचं नाही. कोर्टातून पालक नेमून आणा.' दादांचे डोळे भरून आले. त्याने अर्जावर नाव लिहिले होते, त्यात वडिलांचे नाव चुकीचे पडले होते. दादांनी डाव्या हाताचे बोट नेमके त्या शब्दावर ठेवले आणि नकारार्थी मान हलवली. अधिकारी म्हणाला, 'बघा, कसं करतायत ते.'

डोके गेले म्हणजे काय गेले? हा प्रश्न त्या दिवशी माझ्या मनात शिरला, आणि मी वाचू लागलो.

पॅरिसजवळच्या बिसेत्र येथील इस्पितळात लबोर्न्य नावाचा एक रोगी एकवीस वर्षे होता. त्याला 'तां' एवढा एकच उच्चार करता येई, म्हणून सारे त्याला 'तां'च म्हणत. बोललेले त्याला पुष्कळ कळे. खुणांनी, बोटांनी तो उत्तरे देई. १८६१ सालच्या एप्रिल महिन्यात तो वारला आणि पॉल ब्रोका या शल्यवैद्याने त्याचा मेंदू तपासला. डाव्या गोलार्धाच्या पुढच्या भागात, कपाळाच्या बाजूला, एक पोकळी पडलेली होती. पुढे १८७४ साली कार्ल व्हेर्निके याने उलट जातीचे रोगी वर्णिले: ते अस्खलित बोलतात, पण त्या बोलण्याला अर्थ नसतो, आणि दुसऱ्याचे बोलणेही त्यांना नीट उमगत नाही, त्यांची इजा त्याच गोलार्धात मागच्या बाजूला, कानाच्या वरच्या अंगाला असते. याचा अर्थ इतकाच, की बोलणे, बोललेले समजणे आणि विचार करणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एक गेली तरी दुसरी शाबूत असू शकते. या स्थितीला वाचाघात म्हणतात. एकविसाव्या शतकात आमच्या बँकेतल्या पदवीधराला जे ठाऊक नाही, ते दीडशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेले आहे.

आणि कायदाही अडाणी नाही. २०१६ सालच्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात एकवीस प्रकारची दिव्यांगता सांगितली आहे; वाचा व भाषा यांच्या दिव्यांगतेच्या व्याख्येत वाचाघाताचा स्पष्ट उल्लेख आहे. त्याच कायद्याचे तेरावे कलम सांगते, की आपली मालमत्ता बाळगण्याचा आणि आपले आर्थिक व्यवहार सांभाळण्याचा हक्क दिव्यांग माणसाला इतरांच्या बरोबरीने आहे. कायदा दिल्लीत झाला; तो टेबलापर्यंत पोचला नाही.

दादांच्या बाबतीत आणखी एक चमत्कार होता आणि त्याने त्यांचा छळ वाढवला. 'पाणी' हा शब्द त्यांना म्हणता येत नसे, पण एकादशीला भजन सुरू झाले की तुकोबांचा आख्खा अभंग ते चालीवर म्हणत, शब्दन् शब्द! मग गावात कुजबूज सुरू झाली. 'गाता येतंय, मग बोलता कसं येत नाही? सोंग आहे. सुनेकडून सेवा करून घ्यायचीय.' हे म्हणणाऱ्यांत एक सेवानिवृत्त मामलेदारही होते. त्यांना कोणी सांगावे, की वाचाघाताच्या पुष्कळ रोग्यांत हेच दिसते: पाठ झालेली प्रार्थना, आकड्यांची माळ, एखादी शिवी आणि गाणे तरते, ताजे वाक्य जुळवता येत नाही. सुरांचे काम मेंदूत अधिक पसरलेले असते, उजव्या गोलार्धाचाही त्यात मोठा वाटा असतो. याच आधारावर १९७३ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी शब्द चालीवर म्हणायला शिकवण्याची उपचारपद्धती मांडली. दादा आज 'पाणी दे' हे दोन शब्द भजनाच्या चालीवर म्हणतात. ज्याला गाव सोंग म्हणत होते तीच त्यांच्या घरात परत शिरण्याची वाट होती.

आता दुसरे भांडण, आणि हे अडाण्यांशी नाही, सुशिक्षितांशी आहे. ज्या वर्षी मी मेंदूवरची पुस्तके धुंडाळत होतो, त्याच वर्षी आमच्या शेजाऱ्यांनी आपल्या नातीला 'मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन'च्या वर्गात घातले. कित्येक हजार रुपये भरले. मुलीच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि तिने पुस्तक वाचून दाखवायचे. पाहुण्यांनी टाळ्या वाजवायच्या. मी तिला एकटे गाठून विचारले. ती हळूच म्हणाली, 'आजोबा, नाकाच्या कडेनं खाली दिसतं. पण सांगू नका हं, बाबांनी खूप पैसे भरलेत.' नऊ वर्षांची मुलगी! तिच्या मेंदूचा मधला भाग जागा झाला की नाही ते देव जाणे. खोटे बोलण्याची कला मात्र जागी झाली, आणि तीही बापाच्या प्रेमापोटी.

हा मध्यमस्तिष्क म्हणजे काय असतो? मस्तिष्कस्तंभाचा वरचा, जेमतेम दोन सेंटिमीटर लांबीचा तुकडा. डोळ्यांची हालचाल, आवाजाकडे चटकन मान वळणे, अवयवांच्या हालचालींचे नियमन ही त्याची कामे. त्यातल्या एका काळसर पट्ट्यातल्या पेशी मरू लागल्या की कंपवात होतो. तो झोपलेला नसतो. तो झोपला तर मूल वर्गात नव्हे, अतिदक्षता विभागात असते. महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी या वर्गांना जाहीर आव्हाने दिली, तरी वर्ग भरतात. कारण अंगारा-धुपारा मागणाऱ्या आईला आम्ही हसतो, आणि इंग्रजी नाव दिले की तोच अंगारा पावती घेऊन विकत आणतो.

याच जातीची दुसरी थाप म्हणजे 'माणूस मेंदूचा दहा टक्केच वापर करतो'. विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञाने १९०७ च्या सुमारास एवढेच मांडले होते, की आपल्या मानसिक शक्तीचा अल्पच भाग आपण उपयोगात आणतो. १९३६ साली डेल कार्नेगी यांच्या विख्यात पुस्तकाच्या प्रस्तावनेत लोवेल टॉमस यांनी त्याला दहा टक्क्यांचे शेपूट लावले, आणि ते शेपूट आजही आमच्या व्यक्तिमत्त्वविकासाच्या शिबिरांतून वळवळते आहे. वस्तुस्थिती काय? मेंदूचे वजन सुमारे तेराशे-चौदाशे ग्रॅम, शरीराच्या दोन टक्के. पण शरीराच्या ऊर्जेचा वीस टक्के भाग तो एकटा खातो. नव्वद टक्के आळशांना पोसण्याइतके शरीर उधळे नाही. त्यात चेतापेशी सुमारे ८,६०० कोटी. गंमत अशी, की त्यांतल्या सुमारे ६,९०० कोटी, ज्याला आम्ही 'लहान' म्हणतो त्या मागच्या मेंदूत आहेत, आणि ज्याचा आम्हांला एवढा अभिमान त्या मोठ्या मेंदूच्या सालीत सुमारे १,६०० कोटीच. दहा टक्केवाल्यांनी माझ्या दादांना येऊन सांगावे, की तुमचा एक लिंबाएवढा भाग गेला, त्यात काय बिघडले, नव्वद टक्के रिकामाच होता!

तिसरी थाप डाव्या-उजव्याची. डावा मेंदू हिशेबनीस, उजवा कलावंत. रॉजर स्पेरी यांनी, अपस्मारावर उपाय म्हणून ज्यांच्या दोन गोलार्धांमधला जोडपट्टा कापलेला होता अशा रोग्यांवर विलक्षण प्रयोग केले आणि १९८१ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. दोन बाजूंच्या कामांत फरक असतो, हे त्यांतून दिसले आणि ते खरेच आहे. दादांची वाणी गेली आणि गाणे राहिले, हा त्याचाच पुरावा. पण तुमच्या-माझ्या डोक्यात तो पट्टा शाबूत आहे आणि त्यातून सुमारे वीस कोटी तंतू अहोरात्र दोन्ही बाजूंची देवघेव करीत आहेत. कामांची वाटणी झाली म्हणजे घर विभक्त झाले असे होत नाही. आई स्वयंपाक करते आणि बाप शेतावर जातो म्हणून मूल अर्धे आईचे आणि अर्धे बापाचे, असे कोणी म्हणते काय?

यावर कोणी विचारील: 'शास्त्राचे एवढे पोवाडे गाता, पण शास्त्रज्ञही याच चिखलात रुतले नव्हते काय?' रुतले होते. फ्रान्झ योझेफ गाल याने कवटीवरच्या उंचवट्यांवरून माणसाचे स्वभाव सांगण्याचे शास्त्र काढले, आणि युरोप-अमेरिकेतल्या शहाण्यासुरत्यांनी आपली डोकी चाचपून घेतली. वेड घालवण्यासाठी मेंदूच्या पुढच्या भागातले तंतू तोडण्याच्या शस्त्रक्रियेला १९४९ साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्या शस्त्रक्रियेने हजारो माणसे जिवंतपणी विझली. फार काय, ब्रोकाचा निष्कर्षही पुढे सुधारावा लागला. लबोर्न्यचा मेंदू पॅरिसमध्ये जपून ठेवलेला होता. २००७ साली त्याचे नव्या यंत्राने चित्रण झाले तेव्हा इजा ब्रोकाने पाहिली त्याहून पुष्कळ खोलवर गेलेली दिसली. वाणी एका खोलीत राहत नाही, ती अनेक खोल्यांमधल्या वाटांवर वावरते. पण पाहा, दीडशे वर्षांनी आपल्याच थोर पुरुषाची मूठ उघडून आत काय आहे ते पुन्हा पाहण्याची तयारी त्या लोकांत आहे. लकव्याच्या औषधवाल्याने आपली मूठ कधी उघडली आहे काय?

आता तिसरे आणि शेवटचे भांडण. ते आपल्याशी, म्हणजे लिहिणाऱ्यांशी. आपण मेंदूला शत्रू केले आहे. एखादी कविता आवडली नाही की आपण म्हणतो, ती हृदयातून नव्हे, मेंदूतून आली आहे. कथा कोरडी वाटली की ती 'बौद्धिक'. प्रेम हृदयात, करुणा हृदयात, देव हृदयात. मेंदूच्या वाट्याला हिशेब, कपट आणि डोकेदुखी. मी वर्गात पिढ्यान् पिढ्या मुलांना हेच शिकवले. ही समजूत फार जुनी आहे, हे कबूल. मिसरी लोक प्रेताचा मेंदू काढून टाकीत आणि हृदय जपून ठेवीत. ॲरिस्टॉटलला मेंदू हे रक्त थंड करण्याचे साधन वाटले. सुश्रुताने हृदयाला चेतनेचे स्थान म्हटले. पण चरकाने शिराला उत्तमांग म्हटले, प्राण आणि सर्व इंद्रिये यांचा आश्रय म्हटले, ते आम्ही सोयीस्कर विसरलो.

३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाउनमध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी एका माणसाच्या छातीत दुसऱ्याचे हृदय बसवले. तेव्हापासून जगात कितीतरी माणसे परक्या हृदयावर जगली आहेत. त्यांची माया आपल्याच लेकरांवर राहिली, हृदय देणाऱ्याच्या लेकरांवर गेली नाही. आणि आपल्या देशाच्या १९९४ सालच्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने मस्तिष्कस्तंभाचा मृत्यू हा माणसाचा मृत्यू मानला आहे, हृदय धडधडत असले तरीही. म्हणजे माणूस कुठे राहतो याचा निवाडा झालेला आहे. साहित्यिकांना त्याची नोटीस मिळायची राहिली आहे.

'मग माणूस म्हणजे काय निव्वळ मांसाचा गोळा?' असा प्रश्न माझ्या एका कीर्तनकार मित्राने विचारला. मी म्हणालो, बुवा, तुमच्या मृदंगाला चामडे असते म्हणून तुमचे भजन चामडे होते काय? पण चामडे फाटले तर तुम्ही त्यावर विभूती लावीत नाही, ते मढवून आणता. आत्म्याचे काय ते मला ठाऊक नाही. मेंदूला आदर दिल्याने माणूस लहान होत नाही, एवढे मला दादांकडे पाहून कळले. ज्यांनी त्यांचे मन वाणीत आहे असे मानले त्यांनीच त्यांना माणसांतून उठवले. ज्यांनी मेंदूचा भूगोल जाणला त्यांनी, वाणी बुडाली तरी माणूस आत जागा आहे, हे ओळखले.

शेवटी एक मागणे, आणि ते मराठीच्या सेवकांपाशी. दादांना शब्द परत शिकवण्यासाठी स्पीच थेरपिस्ट मिळायला आम्हांला जिल्हा ओलांडावा लागला. बाई गुणी होत्या, कष्टाळू होत्या. पण त्यांच्याजवळची चित्रे परदेशी होती. त्यांत स्ट्रॉबेरी होती, भाकरी नव्हती. बर्फाचा माणूस होता, वीणा नव्हती. सत्तर वर्षांच्या वारकऱ्याला आपली भाषा परत मिळवायची, ती स्ट्रॉबेरीपासून! मुंबईत वांद्र्याला वाचा आणि श्रवण यांची राष्ट्रीय संस्था १९८३ सालापासून आहे. तिथून तज्ज्ञ शिकून बाहेर पडतात. त्यांच्या हाती मराठी शब्दांचे, मराठी चित्रांचे, मराठी चालींचे साहित्य देणे हे काम डॉक्टरांचे नव्हे, आपले आहे. भाषेला अभिजात दर्जा हवा म्हणून आपण वर्षानुवर्षे टाहो फोडला आणि २०२४ साली तो मिळाला. उत्तम झाले. पण ज्याच्या डोक्यातून ती भाषा एका सकाळी निसटून गेली, त्याला ती परत नेऊन देण्यासाठी आपण एक ओळ लिहिली आहे काय?

बँकेच्या त्या टेबलापाशी मी गप्प बसलो होतो, हे सांगायचे राहिले. दादांनी बोट ठेवले तेव्हा 'नाव चुकले आहे, ते बरोबर सांगत आहेत' असे मी म्हणायला हवे होते. मला वाचाघात झालेला नव्हता. तरीही मी बोललो नाही. ते राहिलेले वाक्य मी येथे लिहिले आहे.